रिकाम्या प्रश्नांचा रकाना

५ जानेवारी

आईच्या औषधांच्या वेळा लिहायची ही वही. अर्धी कोरी राहिली. फेकवेना, म्हणून उलट्या बाजूने लिहायला घेतली आहे.

आजपासून नवं काम. चोवीस वर्षं व्यायाम विभागात लोकांचे हातपाय हलवून घेतले, आता नुसती तपासणी. खोली तळमजल्यावर, जिन्याच्या मागे. पूर्वी तिथे मोडक्या चाकांच्या खुर्च्या ठेवायचे. फरशीवर काळे ओरखडे आहेत, घासूनही जात नाहीत. एक उंच टेबल, एक पडदा, एक मेज, दुधी काचेची खिडकी. बाहेरून कोणी गेलं की नुसती सावली दिसते.

काम असं. मज्जारज्जूला इजा होऊन ज्यांचे पाय लुळे पडलेत अशा तीस जणांना बारा आठवडे अॅक्युपंक्चरच्या सुया टोचणार. अर्ध्यांना खऱ्या, अर्ध्यांना खोट्या, म्हणजे टोक कातडीला लागतं पण आत जात नाही. कोणाला कुठल्या, ते टोचणाऱ्यालाच ठाऊक. रोग्याला नाही, मला नाही. मी दर आठवड्याला टाचणी आणि कापूस लावून बघायचं, कुठपर्यंत कळतं ते.

सगळा प्रयोग मोठ्या बाईंचा. विभागाच्या प्रमुख, पण चहाचा कप स्वतः विसळतात. म्हणाल्या, "मज्जारज्जूतली नस तुटली की सहसा परत वाढत नाही. पण पुष्कळदा सगळ्या तुटलेल्या नसतात. उरलेल्यांना बाजूने फुटवे येतात का, आणि सुयांनी त्या फुटव्यांना जोर येतो का, एवढंच बघायचंय. उंदरांत थोडंफार दिसलंय. माणसांबद्दल छातीठोक सांगण्यासारखं काही नाही."

मी विचारलं, "उंदरांना कसं विचारतात, कळतंय का म्हणून?"

"विचारत नाहीत. म्हणून तर त्यांचं सोपं आहे."

रोग्याशी गप्पा मारायच्या नाहीत. सगळ्यांशी तीच अकरा वाक्यं बोलायची, भिंतीवर लावली आहेत. रोग्याने डोळे मिटायचे. आधी गालावर कापूस लावायचा, म्हणजे नीट कळणं कसं असतं ते त्याला समजतं. मग कमरेपासून खाली एकेक जागा. प्रत्येक वेळी विचारायचं, "आता?" आणि मधूनमधून काहीही न लावता विचारायचं, "आता?" असे आठ रिकामे प्रश्न. त्यांचा वेगळा रकाना आहे. आठात दोनापेक्षा जास्त वेळा कोणी 'हो' म्हणालं, तर त्याच दिवशी मोठ्या बाईंना कळवायचं.

"तुलाच का घेतलं, ठाऊक आहे?" बाई म्हणाल्या. "तू कोरडी आहेस. तुझ्या चेहऱ्यावरून कोणाला काही कळत नाही."

हे कौतुकच होतं. आज दिवसभरात रोग्यांशी अकरा वाक्यं सोडून काही बोलले नाही.

८ जानेवारी

आज लिफ्टवाले पहिल्यांदा आले. साठीचे. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या आणि आठ महिन्यांपूर्वी लिफ्टच्याच खड्ड्यात पडले. कणा कमरेच्या वर मोडला. रुग्णालयाची व्हॅन आणते, सोडते. सोबत कोणी नाही. अंगावर इस्त्रीचा शर्ट, पण घड्या वेड्यावाकड्या पडलेल्या. स्वतः करत असणार.

टेबलावर घेताना म्हणाले, "मॅडम, वरचे मजले चालू आहेत. तळमजल्याला लिफ्ट थांबत नाही, एवढाच बिघाड आहे."

मी म्हटलं, "डोळे मिटा."

जांघेच्या घडीपाशी कळणं संपतं. तिथे पेनाने रेघ काढली. रिकामे प्रश्न आठ, 'हो' शून्य. चोख माणूस. जाताना म्हणाले, "भिंतीवरची वाक्यं मी वाचली. अकरावं चांगलं आहे." अकरावं वाक्य आहे, 'झालं. घाई करू नका, मी मदत करते.'

११ जानेवारी

रविवार. घर झाडलं. आईच्या खोलीतही केर काढला, खरं तर तिथे केर कोण करणार. पलंगाची डोक्याकडची बाजू वर केलेली आहे तशीच आहे. कळ फिरवून सरळ करायची राहून जाते.

ताईचा फोन आला. "आईला जाऊन पाच महिने झाले. आता तरी इकडे ये. एकटीनं किती दिवस काढशील?" म्हटलं, कामामुळे जमणार नाही. ती म्हणाली, "तुला नेहमीच काहीतरी काम असतं." खरंच असतं. नऊ वर्षं आईचं होतं, आता हे आहे. मी एकटी आहे म्हणजे रिकामी आहे असं लोक का धरून चालतात कोण जाणे.

२२ जानेवारी

उपाहारगृहात सुईवाले डॉक्टर समोर आले. आम्ही दोघांनी बोलायचं नाही असा नियम आहे, चुकून कोणाला खऱ्या सुया आणि कोणाला खोट्या ते कळू नये म्हणून. मला बघून ते ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मीही दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून बसले. वाढणारी म्हणाली, "तुमचं भांडण झालंय का?" काय सांगणार.

लिफ्टवाले: रेघ आहे तिथेच. रिकाम्यांना 'हो' शून्य.

५ फेब्रुवारी

लिफ्टवाल्यांची रेघ सरकली. जांघेच्या रेघेखाली बोटभर अंतरावर कापूस लावला आणि ते म्हणाले, "हो." मग जरा थांबून, "थांबा. परत लावा." परत लावला. "हो हो. गालासारखं नाही, लांबून कोणी हाक मारावी तसं." दोन बोटं खालीही हो. तीन बोटं खाली नाही. रिकामे सगळे नाही.

गुण लिहिले: एक. शून्य म्हणजे काही नाही, दोन म्हणजे गालासारखं, एक म्हणजे मधलं. मी काहीच बोलले नाही. नियमच आहे.

ते मात्र व्हॅनपर्यंत गुणगुणत गेले. मी खोलीत अर्धा तास टाचण्या मोजत बसले, त्या मोजायच्या नसतात.

६ फेब्रुवारी

कपाटातला निळा स्वेटर काढला. थंडी आहे.

१९ फेब्रुवारी

रेघ मांडीच्या मध्यावर! सहा आठवड्यांत इतकं कधी पाहिलं नाही. मोठ्या बाईंना आकडे मिळतात. त्या जिन्यात भेटल्या, तर हातातला चहाचा कप विसळायचा विसरल्या होत्या.

आज गालावर कापूस लावताना लिफ्टवाले डोळे मिटूनच म्हणाले, "मॅडम, आठवड्यात मला हात लावणाऱ्या तुम्ही दुसऱ्या. पहिले सुईवाले, आणि त्यांचे हात गार."

यावर भिंतीवर वाक्य नाही. 

रिकाम्यांना 'हो': दोन. नियमात बसतं.

आता दर गुरुवारी सकाळी पाऊण तास लवकर जाते. खोली उबदार व्हायला वेळ लागतो. गार खोलीत तपासणी बिघडते.

२६ फेब्रुवारी

लिफ्टवाले आले नाहीत. व्हॅनचा ड्रायव्हर म्हणाला, ताप आहे, लघवीला संसर्ग झालाय, या लोकांना होतोच. पुढच्या आठवड्यात येतील.

त्यांच्या वेळात खण आवरले. मग खिडकीपाशी बसले. सावल्या मोजल्या नाहीत, पण तेवीस गेल्या.

५ मार्च

हे नीट लिहून काढते.

लिफ्टवाले आले. गाल बसलेत, पण शर्ट कडक इस्त्रीचा. "एका आठवड्याची थकबाकी आहे, मॅडम, आज पोटरीपर्यंत जाऊ." डोळे मिटले. मांडी हो. गुडघा हो. पोटरी हो. हो म्हणताना आवाज असा, की मी कापूस तिथेच जरा जास्त वेळ धरला.

मग रिकामे प्रश्न. हात मागे धरला, कापूस कोणाच्याच अंगाला लागलेला नाही. "आता?"

"हो."

दुसरा. हो. तिसरा. नाही. चौथा. हो.

आठात पाच.

मी पडद्यापाशी उभी राहिले. ते डोळे मिटून वाट बघत होते. तोंडावर हसू नव्हतं, फसवणाऱ्याचा भाव नव्हता. परीक्षेला बसलेलं मूल पुढचा प्रश्न कधी येतो म्हणून कान देऊन बसतं, तसं.

"झालं," मी म्हटलं. "घाई करू नका, मी मदत करते."

६ मार्च

पोटरीपर्यंतचे गुण लिहिले. रिकाम्या प्रश्नांचा रकाना भरायचा राहिला. आजारातून उठलेला माणूस, एका दिवसावरून काय ठरवायचं? तापाने कान वाजतात, तसं कातडीचंही होत असेल. पुढच्या गुरुवारी बघून मग दोन्ही एकदम भरीन.

८ मार्च

आईचा डावा हात पक्षाघाताने गेला होता. रोज सकाळी तेल लावून चोळायचे आणि विचारायचे, "कळतंय का ग?" ती म्हणायची, "कळतंय." नऊ वर्षं. शेवटच्या आठवड्यात डोळे उघडत नव्हती, तरी कळतंय म्हणाली. डॉक्टर म्हणायचे, त्या हातात काही उरलेलं नाही. डॉक्टर महिन्यातून एकदा दहा मिनिटं यायचे. मी रोज चोळत होते, मला माहीत.

ताईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "आई तुझ्यावर फार जीव लावून होती." विषय काय, ही बोलते काय.

१२ मार्च

आज काळजी घेतली. घड्याळाची टिकटिक ऐकून अंदाज घेत असतील म्हणून घड्याळ काढून खणात ठेवलं. किल्ल्या काढल्या. स्वेटरची बाही सळसळते म्हणून कोपरापर्यंत वर केली. मनात आकडे मोजून वेगवेगळ्या अंतराने विचारलं.

आठात सहा.

घोट्यालाही हो म्हणाले. टाचणी टोचून रक्ताचा थेंब आला, तेव्हा "कापूस" म्हणाले.

जाताना: "पुढच्या आठवड्यात अंगठा, मॅडम. मग मी तुम्हाला उभ्यानं नमस्कार करतो की नाही बघा."

रकाना भरला नाही. भरला की त्याच दिवशी ते प्रयोगातून बाद. गुरुवारची व्हॅन बंद. सुयाही बंद. आणि सुयांनी खरंच काही होत असेल तर? पाच फेब्रुवारीचं, जांघेखालचं, तर खरं होतं. त्या दिवशी रिकाम्यांना त्यांनी एकदाही हो म्हटलेलं नाही. मी एवढंच म्हणते की त्यांना अजून थोडा वेळ मिळावा. यात माझा काय फायदा?

१९ मार्च

मोजा मी काढते. नेहमी वरून गुंडाळत अंगठ्यापर्यंत खाली येतो, आज मोजा तळपायाला चिकटला होता. ओला करून काढला. डाव्या तळपायाला टाचेपासून बोटांपर्यंत भाजलेलं, फोड फुटून कातडी सुटलेली, कडेला पिवळं.

"हे कधी झालं?"

हे वाक्य भिंतीवर नाही. त्यांनी डोळे उघडले.

"काय झालं?"

"तळपाय भाजलाय."

"किती? दाखवा." दुखतंय, असं नव्हे, दाखवा. मी पाहणीचा आरसा धरला. ते बराच वेळ आरशात बघत राहिले, शेजाऱ्याचा पाय बघावा तसे.

मग सांगितलं. रविवारी घरी टबात पाय बुडवले. पाणी शेगडीवरून उतरवलेलं. "घोट्यापर्यंत आलंय ना, म्हटलं आता गरम-गार कळतंय का बघू. हाताने बघायला पाहिजे होतं आधी. पण हाताने बघितलं तर मग परीक्षा कसली? पाय बुडवून बसलो, वाट बघत. वाटलं, येतंय, येतंय. वाफ डोळ्यांपर्यंत येत होती."

"घोट्यापर्यंत आलंय असं कोणी सांगितलं?"

"तुम्हीच."

"मी बोलतसुद्धा नाही तुमच्याशी."

"ते खरं."

मी खुर्ची ओढून त्यांच्या डोक्यापाशी बसले. असं बसायचं नसतं. म्हटलं, "मी काही लावलेलं नसताना तुम्ही हो म्हणत होता. आठात सहा वेळा."

ते छताकडे बघत होते. "सहा का? मला वाटलं चार-पाच."

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला?"

"काही माहीत होतं. काही नव्हतं. कसं सांगू मॅडम, नाही म्हटलं की तुम्ही लगेच पुढे सरकता. हो म्हटलं की तुमचा हात जरा थांबतो. आणि पहिल्यांदा, ते मांडीचं कळलं ना मला, खरोखरचं, तेव्हा तुम्ही 'बरं' म्हणालात."

"मी नाही म्हणाले."

"म्हणालात. हळू म्हणालात, पण माझे कान शाबूत आहेत. 'बरं.' घरी गेल्यावर दोन दिवस तेच कानात होतं. मग पुढच्या खेपेला काहीच कळलं नाही, आणि मी हो म्हणून टाकलं. मग हळूहळू मलाच कळेनासं झालं, पायाला लागलेलं कुठलं आणि तुमच्यासाठी म्हटलेलं कुठलं."

मी 'बरं' म्हणाले नव्हते. पाच फेब्रुवारीचं पान उघडून बघितलं, 'मी काहीच बोलले नाही' असं लिहिलंय.

जखम धुतली. त्यांना काही कळत नव्हतं, तरी मी विचारत होते, "झोंबतंय का?" आणि ते दर वेळी खरं सांगत होते. "नाही. नाही. नाही." मग त्यांना भाजल्याच्या विभागात पाठवलं.

२० मार्च

मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. बाईंनी फॉर्म पसरले.

"पाच तारखेचा रकाना?"

"भरला नाही."

"बारा तारखेचा?"

"नाही."

"विसरलीस?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "पाच तारखेला कळवलं असतंस तर त्यांना बसवून सांगितलं असतं, की तुम्हाला अजून पायाचं कळत नाही, गरम पाण्यापासून लांब राहा. एवढंच लागत होतं." मग म्हणाल्या, "मी तुला कोरडी म्हणाले होते. माझंच चुकलं. नुकतीच आई गेलेल्या बाईला मी एका बंद खोलीत बसवलं आणि सांगितलं, कोणाशी बोलू नकोस."

याच्याशी आईचा काय संबंध? चूक माझी आहे, फॉर्म माझा आहे. तसं त्यांना सांगितलं. सहीसुद्धा केली.

तपासणीचं काम काढून घेतलं. सोमवारपासून कुबड्या आणि वॉकर देण्याच्या खिडकीवर. बाकी एकोणतीस जणांची तपासणी नवी मुलगी परत करणार, माझे आकडे धरणार नाहीत. बरोबरच आहे.

घरी येऊन आईच्या खोलीत बसले. आईनेही हो म्हणून टाकलं असेल का, असं मनात आलं. नऊ वर्षं, रोज सकाळी. मग उठले आणि भांडी घासली. घासलेलीच होती.

२७ मार्च

नव्या मुलीने लिफ्टवाल्यांची तपासणी वॉर्डात जाऊन केली. मोठ्या बाई खिडकीशी आल्या, रांगेत उभ्या राहिल्या, नंबर आल्यावर बोलल्या.

"दोन बोटं."

"काय?"

"सुरुवातीच्या रेघेच्या खाली दोन बोटं. तीन वेळा तपासलं. रिकाम्यांना एकदाही हो नाही. दोन बोटं खरी आहेत."

माझ्या हातात कोणाची तरी कुबडी होती. ती मेजावर ठेवली. "सुयांमुळे?"

"ते कोण सांगणार? आपणहूनही येतात इतकी कधी कधी. कोणाला कुठल्या सुया ते लिहिलेलं बंद पाकीट फोडून त्यांना खऱ्या की खोट्या ते बघता येईल, पण ही दोन बोटं हिशेबात धरता येणार नाहीत. मधले आठवडे नासले ना." त्या जायला वळल्या. "एवढी मेहनत करून मिळालेली दोन बोटं, आणि ती कुठेच लिहिता येत नाहीत."

मागचा माणूस म्हणाला, "बाई, माझी काठी."

२९ मार्च

रविवार. ताईचा फोन. विचारलं, "आईला खरंच कळत होतं का त्या हातात?"

 ती म्हणाली, "आईने मला एकदा सांगितलं होतं. म्हणाली, ती इतक्या आशेने विचारते, की नाही म्हणवत नाही ग."

मी म्हटलं, "दूध उतू जातंय," आणि फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

आईच्या पलंगाची कळ फिरवली. गंजली आहे, दोन्ही हात लावावे लागले. पलंग सरळ झाला.

५ एप्रिल

व्हॅनच्या ड्रायव्हरकडून पत्ता घेतला होता. लिफ्टवाल्यांना मंगळवारी घरी सोडलंय. माफी मागून यायचं, पाच मिनिटांत.

बाजारामागच्या रस्त्याला चार मजली इमारत, खाली टायरचं दुकान. ते दुसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. व्हॅनची माणसं त्यांना खुर्चीसकट उचलून न्यायची. आता व्हॅन येणार नाही, म्हणजे ते खाली उतरणार नाहीत. हे जिना चढताना लक्षात आलं. मधल्या वळणावर जरा थांबले.

दार नुसतं लोटलेलं. एकच खोली. सगळं कमरेच्या उंचीवर आणलेलं: शेगडी, कपडे, आरसा, इस्त्री. भिंतीवर वरच्या भागात खिळे तेवढे उरलेत.

"मॅडम?" ते म्हणाले. मग, "आज गुरुवार नाही."

"नाही."

बसायला खुर्ची एकच, तिच्यावर तेच. मी पलंगाच्या कडेला बसले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, पण पाठ केलेलं बोलायची शिसारी आली. म्हटलं, "तुमचा पाय माझ्यामुळे भाजला. मला पाच तारखेलाच कळलं होतं. मी लिहिलं नाही."

"का?"

"तुमची व्हॅन बंद झाली असती."

त्यांनी मान हलवली. "आणि तुमचा गुरुवार."

मी पलंगावरची चादर सरळ केली. मग सांगितलं, "दोन बोटं खरी आहेत. नव्या मुलीने तपासलं. तीन वेळा."

त्यांनी हात मांडीवर ठेवला, जांघेच्या खाली, नेमका तिथे. बोटं दाबली. "खरी?"

"खरी."

"म्हणजे मी एवढं खोटं बोलत होतो त्यात थोडं खरंही बोलून गेलो." हसायला लागले. हसता हसता तोंड दुसरीकडे वळवलं आणि शर्टाच्या बाहीने पुसलं. इस्त्री मोडली. "सुया खऱ्या होत्या का हो माझ्या?"

"मला माहीत नाही. शपथ."

"राहू दे. दोन बोटं तर आहेत."

चहा त्यांनीच केला. शेगडीवरून पातेलं उतरवताना मी उठले, तर म्हणाले, "बसा. हात शाबूत आहेत." एकच कप होता, त्यांनी वाटीत घेतला. मग विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण?"

साधा प्रश्न. उत्तरही साधं, कोणी नाही. पण तेवढं सांगून थांबता आलं नाही. आईचं सांगितलं. हाताचं, तेलाचं, ती काय म्हणायची आणि ताईने काय सांगितलं ते. किती वेळ बोलत होते कोण जाणे. चहावर साय आली. त्यांनी वाटी खाली ठेवली होती. शेवटी म्हणाले, "कळतंय म्हणाली, खोटं ते एवढंच हो. तुमचा हात तर तिला दिसत होता ना, डोळ्यांनी. रोज."

मी म्हटलं, "पट्टी बघू."

पट्टी खालच्या टायरवाल्याच्या बायकोने घातली होती, सैल. सोडवली, धुतलं, नवी घातली. कडा लाल आहे, पण वास नाही. नवी कातडी टाचेकडून यायला लागली आहे. भाजल्याच्या विभागाने दिलेला कागद पलंगावरच होता: पट्टी चार दिवसांनी बदलावी.

"परत कधी बदलायची?" त्यांनी विचारलं.

"दोन दिवसांनी."

त्यांनी कागदाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "मंगळवारी मग. दार लोटलेलंच असतं."

चार दिवसांनी चाललं असतं. दोन कसं तोंडातून गेलं कळत नाही, घाईत गेलं असेल. आता सांगितलंच आहे, तर मंगळवारी जावं लागणार.